मिशीकाकांची गोळी

मिशीकाकांना स्वतःला मिशी नव्हती. चेहरा गोल, गुळगुळीत, आंघोळ घालून बसवलेल्या बाळासारखा. पण आमच्या नाटक मंडळीतल्या पुरुषांच्या तोंडावर जे काही उगवलं, ते याच माणसाच्या हातून उगवलं. सेनापतीच्या आकडेबाज मिशा, कपटी प्रधानाची बोकडासारखी दाढी, राजवैद्याची छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी, सगळं त्यांचं. बारीक जाळीवर सुईने एकेक केस गाठ मारून बसवायचे, वाफ देऊन वळण द्यायचं आणि मग छोट्या ब्रशाने गोंद लावून ते पीक चेहऱ्यावर असं रोवायचं की शेवटच्या अंकात राजा घामाने न्हाऊन निघाला तरी मिशी जागची हलू नये. "राजाचं डोकं उडालं तरी लोक रडतात ताई," ते मला सांगत, "पण मिशी उडाली की हसतात."

हा गोंद म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली राळ. त्याचा एक उग्र, गोडसर वास असतो. आमच्या रंगपटात तो भिंतींत मुरला होता, खुर्च्यांच्या गाद्यांत मुरला होता, काकांच्या सदऱ्यात तर कायमचाच. आज इतक्या वर्षांनी दवाखान्यात सुई टोचण्याआधी कोणी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तर मला सुई आठवत नाही, तिसरी घंटा आठवते.

काका प्यायचे. लपूनछपून, पण रोज. आणि त्यांना एक असं निमित्त सापडलं होतं की वकिलानेही हात टेकावेत. कोणी नाक मुरडलं की ब्रश वर करून म्हणायचे, "गोंदाचा वास आहे हो." झालं! पुढे बोलणार काय? वर्षानुवर्षं हे एक वाक्य त्यांना पुरलं. पुढे पुढे त्यावर आमच्यात विनोदही चालत. कोणी झोकांड्या खात आला की पोरं ओरडायची, "गोंद लागलाय रे!"

वाक्य पुरलं, हात पुरला नाही. एके दिवशी तो थरथरला आणि आमच्या महाराजांच्या मिशीचं एक टोक कानाकडे, एक हनुवटीकडे गेलं. महाराज म्हणजे आमचे नायक. जन्मभर राजेच केले, म्हणून घरीदारी महाराजच. ते तसेच रंगमंचावर गेले, मृत राजपुत्राजवळ गुडघे टेकून "बाळा!" म्हणाले, आणि सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. राजपुत्र मेलेला, पण त्याचंही पोट हलताना मी विंगेतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी काकांना बोलावलं. नवऱ्यामागे सारी मंडळी एकटीने चालवणारी ही बाई. आवाज कधी चढवायची नाही, त्यामुळे सगळे तिला टरकून असत.

"काका, तुमच्यासारखा हात मला परत मिळायचा नाही, म्हणून एकदाच सांगते. इलाज करून या. तुमची खुर्ची मी रिकामी ठेवते. पण परत आल्यावर एकदा जरी प्यायलात, तर त्याच दिवशी रंगाची पेटी उचलायची. मला रडून दाखवायचं नाही, काकूंना पाठवायचं नाही."

ती खुर्ची म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. काका मिसरूड फुटायच्या वयात या रंगपटात आले. दुसरा धंदा त्यांना येत नव्हता आणि हाताने दाढ्यामिशा विणून नाटक करणारी दुसरी मंडळी आसपास उरली नव्हती. खुर्ची गेली की काका म्हणजे पट्ट्या नसलेली बाजाची पेटी. वाजणार कुठे?

ते इस्पितळात राहिले. अंगातली दारू उतरवून घेतली. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी काढली आणि नवराबायको दोघांना समोर बसवून समजावलं. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की शरीर बंड करून उठतं. तोंड लालबुंद होतं, छातीत घण पडतात, ओकाऱ्या होतात, वेळ आली तर जिवावरही बेततं. म्हणून प्यायचा विचार मनात आला तरी पाऊल मागे येतं.

काकूंचे डोळे चमकले. "मग मी चहातच घालते की! यांना कळायचंही नाही."

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न सांगता दिलीत आणि हे प्यायले तर तुम्हीच त्यांना मारलंत असं होईल. ही गोळी माणसाच्या होकारावर चालते. काका, बोला. हवी का?"

"द्या," काका म्हणाले.

मग रोज सकाळी काकूंनी गोळी तळहातावर धरायची, काकांनी गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. "जीभ वर करा," काकू म्हणायच्या. "माझ्या आईनंसुद्धा माझं तोंड इतकं कधी बघितलं नव्हतं," काका कुरकुरायचे. गोळीला काकूंनी नाव ठेवलं सासूबाई. "घरात सासू बसलेली असली की वाकडं पाऊल पडत नाही," त्या मला सांगत आणि वर डोळा मारत.

डॉक्टरीणबाईंनी वर्ज्य गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. खोकल्याचं अमुक औषध नको, दाढीनंतरचं लोशन नको, अत्तर जपून. कामधंदा विचारला तेव्हा काका म्हणाले, "नाटकात मेकअप करतो." बाईंच्या डोळ्यांपुढे पावडरचे डबे आले असणार. काकांना तरी गोंदाचं का सुचावं? गोंद कोणी पितं का?

ते परतले तेव्हा आमचं घरगुती नाटक चालू होतं. एक दिवाणखाना, दोन भांडणारे भाऊ, दोघेही सफाचट. काकांना काम म्हणजे पफ फिरवणं आणि माझ्या डोक्यावर पांढऱ्या बटा काढणं. हात दगडासारखा स्थिर झाला होता. रंग चढला होता, झोप लागत होती. मालकीणबाई येता-जाता रंगपटात डोकावत आणि काही न बोलता जात. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी.

त्याच भरात त्यांनी मोठं दरबारी नाटक काढलं. काका लहान मुलासारखे खूश झाले. महिनाभर घरी बसून त्यांनी दाढ्या विणल्या. काकू म्हणायच्या, "स्वयंपाकघरात पाऊल ठेवायची सोय नाही, जिथं तिथं कोणाचा तरी गाल वाळत घातलेला."

आणि आली रंगीत तालीम. प्रयोग दोन दिवसांवर. दुपारपासून रंगपटात सगळा दरबार रांगेत बसलेला. खोलीला एकच खिडकी, तीही पडद्यामागे उजेड येतो म्हणून खिळे ठोकून बंद केलेली. गोंदाच्या बाटल्या उघड्या, चुकलं की स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, परत लावायचं. काकांचे हात कोपरापर्यंत चिकट. अर्धा दरबार दाढीमिशांनी सजला आणि महाराजांची डावी मिशी लागली, एवढ्यात काकांचा ब्रश थांबला.

मी समोरच्या आरशात पाहत होते. त्यांचा चेहरा कानापासून लाल होत गेला, मान लाल झाली, डोळे तांबारले. कपाळावर घाम डवरला. एका हाताने छाती दाबत ते खुर्चीत बसले. महाराज अर्ध्या मिशीनिशी वळले आणि हळूच म्हणाले, "ताई, काकांना... परत गोंद लागला वाटतं."

कोणीतरी पळत जाऊन मालकीणबाईंना आणलं. त्या दारात उभ्या राहिल्या.

"काका?"

"आईशप्पथ, थेंब नाही घेतला," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "वास गोंदाचा आहे."

काय सांगू! हेच वाक्य. हाच ब्रश हातात. मागच्या रांगेतल्या एका सरदाराला हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस ते वाक्य खरं बोलत होता, आणि ते उधारीवर इतकं वापरून झालं होतं की आता दमडीलाही कोणी घेईना. मी जवळ जाऊन वास घेतला. गोंद, गोंद आणि गोंद. त्या खोलीत नाकाची साक्ष काढण्यात अर्थ नव्हता.

"पेटी उचला," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खाली, पण मला दिसलं की त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

रंगीत तालीम काकू कधी चुकवत नसत. पहिल्या रांगेत बसून त्या मंडळींना काय चुकलं ते सांगत, विचारलं नाही तरी. गलबला ऐकून त्या आत आल्या. नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. काका त्यांच्यावर काहीतरी पुटपुटले.

"हे प्यायलेले नाहीत."

"काकू, तुम्ही बायको. तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

"बायको आहे म्हणूनच म्हणते. प्यायले की हे मला राणीसरकार म्हणतात. जन्मात दुसऱ्या कुठल्या वेळी म्हटलेलं नाही. आत्ता मी आले तर म्हणतात, 'तू कशाला तडमडलीस?' शुद्धीवर आहेत, बाई. पूर्ण शुद्धीवर."

रंगपटात हशा पिकला, पण मालकीणबाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ताई, तुमचा प्रवेश शेवटी आहे. यांना दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाही प्यायले, तर नाही प्यायले. त्या जर हो म्हणाल्या, तर पेटी मी घरी पोचवीन. मला परत विचारायचं नाही."

मी राणीच्या पोशाखात, भुवया रंगवलेल्या. शेजारी लालबुंद काका, मागे पिशवी छातीशी धरून काकू. रिक्षावाल्याने आम्हाला कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते विचारलंच नाही, थेट वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता धरला. वाटेत त्याला वळवावं लागलं.

वाऱ्याने काकांची धाप थोडी कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पलंगावर आडवं केलं, यंत्रात फुंकर मारायला लावली. यंत्राने दारू दाखवली नाही.

"आज काय काय केलंत? सांगू नका, हातांनी करून दाखवा."

काकांनी आडवं पडल्या पडल्या हवेत ब्रश बुडवला, माझ्या ओठांवर हवेतली मिशी लावली, हवेतल्या बोळ्याने पुसली.

"थांबा. तो बोळा कशाचा?"

"स्पिरिटचा."

"आणि ब्रश कशात बुडवलात?"

काकूंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. येताना त्यांनी ती उचलली होती. "बाई, आजपर्यंत सगळं ठीक होतं. आज नवीन म्हणाल तर एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी बूच काढलं, हुंगलं आणि डोळे मिटले. मग त्या गोंदाचा एक ठिपका त्यांनी काकांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला आणि एक माझ्या. आम्ही हात पुढे करून बसलो, जणू दोन पोरं मास्तरांच्या छडीची वाट पाहताहेत. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही ठिपके पुसले. माझी कातडी होती तशी. काकांच्या हातावर मात्र लाल चकंदळ उठलं होतं.

"चूक माझी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही मेकअप म्हणालात, मी पावडर धरून चालले. एवढं स्पिरिट बंद खोलीत हुंगलंत, कातडीतून मुरलं, गोळीनं आपलं काम केलं." डॉक्टर 'चूक माझी' म्हणतो असा प्रवेश मी कुठल्याही नाटकात केला नव्हता. खरं सांगते, टाळी द्यावीशी वाटली.

"म्हणजे मी प्यायलो नाही," काका म्हणाले. त्यांना ते कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

"नाही प्यायलात. पण आता गोंद तरी बदला, नाही तर गोळी."

"पाण्याचा गोंद मिळतो. पण दिव्यांखाली दुसऱ्या अंकातच मान टाकतो."

"मग गोळी बदलू." त्यांनी दुसऱ्या गोळीची गोष्ट सांगितली. ही दारूशी भांडत नाही, स्पिरिटशीही नाही. ही ओढ कमी करते, आणि प्यायलं तरी पूर्वीसारखी मजा येऊ देत नाही. आधी यकृतासाठी रक्त तपासायचं. पहिली गोळी अंगातून पुरती जायला दोन आठवडे, तोवर गोंदाच्या खोलीत पाऊल नाही. "आणि एक ध्यानात ठेवा. ही धाक दाखवत नाही. प्यायलात तर तोंड लाल होणार नाही. म्हणून दर आठवड्याला इथे येऊन बोलायचं. नुसती गोळी गिळून कोणी सुटत नाही."

बाहेर पायरीवर काकू मटकन बसल्या. मघापासून रणरागिणी झालेली बाई आता एवढीशी दिसत होती.

"सासू गेली म्हणजे आता धाक कोणाचा? मी रात्री कशाच्या भरवशावर डोळे मिटू?"

"अगं, सासूच्या धाकानं नांदणारी सून आणि आपखुशीनं नांदणारी सून, यात काही फरक आहे की नाही?"

"मला काय विचारता? मी दोन्ही होते. भांडी तेवढीच घासली."

काका हसले. मग तिच्या शेजारी बसले. "ऐक. मघाशी तिथं सगळे मला प्यायलेला ठरवत होते. खुर्ची चाललीच होती. पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, नाव झालंच आहे तर आता घेतोच. पण माझ्या मनात काय होतं माहीत आहे? महाराजांची उजवी मिशी राहिली. एवढंच. दुसरं काही नव्हतं. हे त्या गोळीनं नाही केलं."

काकू पदर झटकून उठल्या. "चला. मिशी राहिली आहे ना."

मालकीणबाई रंगपटात एकट्याच उभ्या होत्या, बाकीचे सक्तीने बाहेर काढलेले. मी सगळं सांगितलं. काकांनी बाही वर करून दारातूनच चकंदळ दाखवलं. मालकीणबाईंनी ते पाहिलं. मग काय केलं असेल? माफी मागितली नाही, ते त्यांच्या घराण्यात नव्हतं. त्यांनी सुताराला हाक मारली, खिडकीचे खिळे उपटायला सांगितले, आपल्या बाह्या सरसावल्या आणि ब्रश उचलला.

"बोला काका. आधी कोणाची?"

मग दोन आठवडे जे चाललं, त्याला तिकीट लावलं असतं तर दरबारी नाटकापेक्षा जास्त चाललं असतं. काका रंगपटाबाहेरच्या बोळाच्या पार टोकाला, वाऱ्यात, हात पाठीमागे बांधून उभे. आत मालकीणबाई.

"पातळ लावा! मिशी चिकटवायची आहे, पाकीट नाही!"

"कुठल्या बाजूनं सुरू करू?"

"नाकाखालून! नाकात नाही, नाकाखालून!"

"काका," महाराज ओठ न हलवता ओरडले, "यांनी माझं तोंडच चिकटवलं!"

"चांगलं केलं, संवाद पाठ नाहीतच," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो हसताना चढला होता.

पहिल्या प्रयोगाला प्रधानाची दाढी दरबारात लोंबकळली. पण तो प्रधान कपटी असल्यामुळे लोकांना वाटलं, वेषांतराचा पुरावा आहे. टाळ्या पडल्या.

दोन आठवडे सरले. रक्ताचा तपास चांगला आला. नवी गोळी सुरू झाली. पहिल्या दिवसांत थोडी मळमळ, थोडं डोकं दुखणं, मग बसली. काकूंनी तिलाही नाव दिलं. "पहिली सासरची होती. ही माहेरची आहे, डोक्यावरून हात फिरवते." तोंड उघडून दाखवणं काकांनी आपणहून चालू ठेवलं होतं. काकूंनी चार दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, "मिटा आता. माशी जाईल."

काका खुर्चीत परतले. खिडकी उघडी, वर पंखा, मधे मधे बाहेर वाऱ्यावर फेरी. एकदा मी विचारलं, ओढ होते का हो? ते केस विंचरत म्हणाले, "होते. दारात येऊन उभी राहते. कोणी बस म्हणत नाही, मग जाते." सरळ, जसं भाजीवालीबद्दल बोलावं तसं. दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन बसत. तिथं नव्याने आलेल्या माणसांना आपल्या लाल तोंडाची गोष्ट रंगवून सांगत, आणि शेवटी आवर्जून म्हणत, "धंदा काय करता ते डॉक्टरला हातांनी करून दाखवा."

दरबारी नाटक उतरायला आलं तेव्हा मालकीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. पुढ्यात दोन संहिता होत्या.

"काका, मी विचार केलाय. पुढचं शहरी नाटक घेऊ. सगळे सफाचट. उगीच तुम्हाला रोज त्या बाटल्यांत बसवायला नको."

"आणि दुसरी संहिता कसली?"

"समुद्री चाच्यांची. मला तीच आवडली आहे. पण त्यात सगळ्यांना दाढ्या. एकाला तर गुडघ्यापर्यंत."

काकांनी ती संहिता ओढून घेतली. "बाई, तुम्ही माझी खुर्ची ठेवलीत आणि काम काढून घेताय. मग मी त्या खुर्चीत बसून काय करू, ऊन खाऊ? चाचे घ्या."

"नीट विचार करा."

"केला. गोंद माझा धंदा आहे. मी त्याच्यापासून पळालो तर तुम्हीही माझ्याकडे कायम त्याच नजरेनं बघाल, आणि मीही."

मालकीणबाईंनी शहरी संहिता बाजूला सारली. "बरं. चाचे. आणि ती पेटी उचलायची अट मी मागे घेते. त्या दिवशी मी तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं."

"अट राहू दे," काका म्हणाले. "आता ती मला जड नाही. फक्त त्याआधी डॉक्टरला विचारत जा." आणि बोळात उभ्या असलेल्या नायकाला त्यांनी आत हाक मारली. "महाराज, या. राज्य गेलं, आता जहाज मिळालंय. बसा, हनुवटी वर करा, माप घेऊ दे."